शनिवारची बैठक आणि रविवारचा लाँग रन

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचक होतो. गेल्या चार महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली आणि ती आपल्या खान्देशातल्या पळणाऱ्यांपुढे मांडल्याशिवाय चैन पडेना, म्हणून हा धागा.

वय 43, वजन 76 किलो, जळगावात कृषी केंद्र. तीन वर्षांपासून पहाटे मेहरूण तलावावर पळतो. पहिल्या वर्षी प्रगती झपाट्याने झाली. तलावाकाठी थोडं पळून धापा टाकत बाकावर बसणारा मी दिवाळीपर्यंत 10 किलोमीटर पळायला लागलो. दुसऱ्या वर्षी पहिली हाफ मॅरेथॉन 2 तास 14 मिनिटांत झाली आणि तिथेच गाडं रुतलं. पुढच्या दीड वर्षात तीनदा 21 किलोमीटर पळालो: 2:13, 2:15, 2:14. मधल्या काळात आठवड्याचे 30 किलोमीटरचे 45 केले, बूट बदलले, मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश, असं आलटून पालटून पळणं) आणि गुरुवारी चढ सुरू केले. घरचे म्हणायचे वय झालं. मीही ते मानायला लागलो होतो.

आता धंद्याचं सांगतो, कारण गोम तिथेच आहे. आमच्या लाइनीत मे अखेरपासून कपाशीच्या बियाण्याची झुंबड, मग खतं, मग फवारणी. दुकान रात्री नऊला बंद होतं, त्यानंतर हिशेब. आणि शनिवार म्हणजे बैठक. कंपन्यांची माणसं येतात, दोन-चार दुकानदार असतात, हायवेलगतचा ढाबा, शेंगदाणे, पापड, शेवटी झणझणीत शेवभाजी. उधारी, माल, स्कीम, सगळं तिथेच ठरतं. माझे तीन मोठे पेग, कधी चार. घरी यायला साडेबारा. रविवारी पाचला पुन्हा मेहरूण, 16 ते 18 किलोमीटरचा लाँग रन. मला या गोष्टीचा अभिमान होता. रात्री बसूनही सकाळी हजर राहतो, असं मी लोकांना सांगायचो.

गेल्या पोळ्यानंतर वडिलांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी रोज सकाळी बीपी आणि नाडी लिहून ठेवायला सांगितलं. त्यांची नाडी मोजता मोजता मी माझीही मोजायला लागलो. अंथरुणातून उठण्याआधी, पडल्या पडल्या, मानेवर दोन बोटं आणि पूर्ण एक मिनिट. खताच्या कंपनीकडून मिळालेल्या डायरीत लिहीत गेलो. महिनाभराने सहज पानं चाळली तर दर आठवड्याला तोच उतार. रविवार 71, सोमवार 66, मंगळवार 61, बुधवार 57, गुरुवारी 55. शुक्रवार-शनिवारी 55-56. आणि रविवारी पुन्हा 71. एखाद-दुसरा आकडा इकडेतिकडे, पण उतार तोच. मी डायरी मिटली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. एका रात्रीची किंमत मी एका सकाळपुरती धरत होतो आणि शरीर ती बुधवारपर्यंत फेडत होतं. माझे मंगळवारचे इंटरव्हल त्या उतारावरच पडत होते.

मग ती शनिवारची रात्र नीट आठवून पाहिली. पडल्याबरोबर झोप लागायची, दगडासारखी. पण साडेतीन-पावणेचारला टक्क जाग. जीभ टाळूला चिकटलेली, पंखा पाचवर असून मानेखालची उशी ओली, कानात ठोके ऐकू यायचे. पाणी प्यायचं, लघवीला जायचं, पुन्हा पडायचं. डोळा लागतोय न लागतोय तोच गजर. मी याला झोप म्हणत होतो.

आठ शनिवार घेतली नाही. ढाब्यावर जातो, सोडा-लिंबू घेतो, दहाला उठतो. इतर दिवशीही हिशेब सकाळच्या दुकानावर ढकलला आणि साडेदहाला दिवा बंद. आठवड्याचे किलोमीटर 45 वरून 38 केले. पळताना नाडी 145 असते तेव्हा जिथे मला किलोमीटरला 7:05 मिनिटं लागायची तिथे आता 6:40 लागतात. गेल्या महिन्यात ग्रुपसोबत 21 किलोमीटर मोजून पळालो: 2 तास 6 मिनिटं. किलोमीटर कमी करून आठ मिनिटं कमी झाली. ती कुठून आली हे मला ठाऊक आहे.

तुमचे अनुभव लिहा. आणि दोन गोष्टी विचारायच्या आहेत. धंद्याच्या बैठकीत ग्लास न उचलता कसं टिकता? आणि मे महिन्यात आपल्याकडे झोपता तरी कसे?

पांझराकाठ

तापीकाठ, डायरी ठेवलीत हे फार मोलाचं काम केलंत. मी धुळ्यात प्रॅक्टिस करतो, स्वतः 10 किलोमीटरवाला आहे. तुमच्या आकड्यांमागे काय चाललंय ते सांगतो.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम, मोठ्यात 20. तीन मोठे म्हणजे 60 ग्रॅम. यकृत ताशी साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकालात काढू शकतं. लिंबूपाणी, ताक, अंघोळ, घाम, कशानेही तो वेग वाढत नाही. नऊला सुरुवात केली तर शेवटचा अंश पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान जातो. म्हणजे पाचला बूट बांधताना कधी कधी ती अंगात असते. गाडीवरून तलावावर जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि ती घड्याळात सकाळ झाली म्हणून बदलत नाही.

आता झोप. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, उत्तररात्री स्वप्नांची झोप वाढत जाते. दारूमुळे गुंगी येते, झोप लवकर लागते, म्हणून माणसाला वाटतं मस्त झोपलो. पण स्वप्नांची झोप दबते आणि दारू उतरायला लागली की मेंदू उलट उसळी घेतो. तुमची साडेतीनची जाग हीच. हृदय रात्रभर चढ्या ठोक्यांवर राहतं. घशाचे स्नायू सैल पडल्याने घोरणं वाढतं. लघवी रोखून धरणारं संप्रेरक दारू दाबते, त्यामुळे पाणी निघून जातं. मग पहाटे रक्ताचं आकारमान कमी झालेल्या शरीराला तुम्ही 18 किलोमीटर पळायला लावता. ठोके वाढणारच.

स्नायूंचं वेगळंच. ऑस्ट्रेलियात 2014 मध्ये आठ पुरुषांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. व्यायामानंतर त्यांना प्रथिनं दिली आणि सोबत किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल. नुसती प्रथिनं घेतली तेव्हाच्या तुलनेत स्नायूंची बांधणी 24 टक्क्यांनी कमी भरली. प्रथिनांऐवजी कर्बोदकं आणि दारू घेतली तेव्हा 37 टक्क्यांनी. हा डोस मोठा आहे, 76 किलोच्या माणसाला जवळपास पावणेसहा मोठे पेग. पण आपल्याकडे हळदीच्या रात्री एवढी घेणारे मी पाहतो.

तुमच्या 2:06 मधला काही वाटा कमी केलेल्या किलोमीटरचाही असेल. 45 पचत नव्हते, कारण पचवायची वेळच चोरीला जात होती.

लळिंगचा_नाना

मी विरोधी मत नोंदवतो. वय 52. गेली 25 वर्षं संध्याकाळी दोन पेग घेतो, लळिंग किल्ला आठवड्यातून एकदा चढतो, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली आहे. शरीराला सवय असते. पळतो तो कशासाठी, आनंदासाठीच ना? सगळंच सोडायचं तर मग पळायचं तरी कशाला? आणि पेग घेतला नाही तर मला उलट झोप लागत नाही. बिअर पिणाऱ्या पोरांना तर काहीच होत नाही, तिच्यात पाणीच जास्त.

पांझराकाठ

नाना, साताऱ्याचा तो घाट चढलात त्याबद्दल खरंच आदर आहे. पण दोन गोष्टी मनावर घ्या. सवयीने दारू चढणं कमी जाणवतं. झोप मोडायची थांबत नाही. आणि "घेतली नाही तर झोप लागत नाही" हे तुमचं वाक्य मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटलं. 25 वर्षं मेंदूला बाहेरून गुंगी मिळाली की तो आपली पद्धत विसरतो. ती परत यायला काही आठवडे जातात आणि त्यातल्या पहिल्या रात्री वाईट असतात. अचानक बंद करू नका, माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे बसून हळूहळू कमी करा.

बिअरचा हिशेब करून दाखवतो. 650 मिलीची स्ट्राँग बाटली, 8 टक्के, म्हणजे 41 ग्रॅम अल्कोहोल. छोटे चार पेग. पोरं दोन बाटल्या संपवतात आणि म्हणतात आज हलकंच होतं.

तापीकाठ

नाना, मलाही आनंदासाठीच पळायचं आहे. पण रविवारी सकाळी 12 व्या किलोमीटरला जो शिणवटा यायचा त्याला मी आनंद म्हणत होतो, कारण दुसरा आनंद मला माहीत नव्हता. गेल्या रविवारी 16 किलोमीटर पळून घरी आलो आणि दुपारी मुलाबरोबर तासभर क्रिकेट खेळलो. आधी रविवारची दुपार म्हणजे कूलरसमोर आडवा.

आणखी एक हिशेब. तीन मोठे पेग म्हणजे 60 ग्रॅम, ग्रॅमला 7 कॅलरी, म्हणजे 420. माझ्या वजनाला किलोमीटरला साधारण 75 खर्च होतात. साडेपाच किलोमीटर तिथेच गेले. शेंगदाणे आणि शेवभाजीची तर्री वेगळी.

जंक्शन

भुसावळहून लिहितेय. दारूचा माझा संबंध नाही, पण धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण माझं गाडंही तिथेच रुतलं होतं आणि ते फक्त झोपेमुळे.

आमचे हे लोको पायलट आहेत. ड्युटीचा कॉल रात्री अकराला येतो, पहाटे तीनला येतो. दारूच्या बाबतीत तिथे गय नाही, ड्युटीवर सही करताना आणि उतरताना फुंकर मारून तपासणी होते. पण ते उठले की घर उठतं. डबा, चहा, दार लावणं. मी झोपायची साडेअकराला. साडेचारला उठायची, कारण सहाच्या आत पळून आलं नाही तर मुलांचे डबे राहतात. पाच तास, तेही तुटक. आठवड्यातले सहा दिवस पळायचे. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

मग गेल्या फेब्रुवारीत डाव्या नडगीत दुखायला लागलं. आधी पळताना, मग जिना उतरताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. बोट ठेवलं की नेमकी एक जागा, चार आण्याच्या नाण्याएवढी. हाडाला ताण आला होता. सहा आठवडे बंद. त्या सहा आठवड्यांत मी सात तास झोपत होते आणि माझा चिडचिडेपणा गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुखणं नडगीच्या आधी कुठेतरी सुरू झालं होतं.

आता चार दिवस पळते. त्यातले दोन दिवस संध्याकाळी. आणि हे मी एकटीने केलं नाही. सासूबाईंनी आठवड्यातले तीन डबे स्वतःकडे घेतले, म्हणाल्या, "तू झोप, पोळ्या मी टाकते." बायकांना लवकर झोपायचा सल्ला देणाऱ्यांनी रात्रीची भांडी कोण घासतं तेही विचारावं, एवढंच म्हणणं आहे.

तापीकाठ दादा, मे महिन्याचं सांगते, भुसावळपेक्षा जास्त ऊन कुणी काय सांगणार. स्लॅब रात्री बारापर्यंत भट्टीसारखा तापलेला असतो. आम्ही गच्चीवर झोपतो. सूर्य मावळला की लगेच दोन बादल्या पाणी मारायचं, झोपायच्या वेळी नाही, नाहीतर वाफ अंगावर येते. मच्छरदाणी, सुती चादर, आणि झोपण्याआधी थंड नाही, साध्या पाण्याने अंघोळ.

पांझराकाठ

जंक्शनताईंच्या अंघोळीमागे शास्त्र आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान किंचित उतरावं लागतं. साध्या किंवा कोमट पाण्याने कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. मे महिन्यात मी माझ्या पेशंटना सांगतो की उन्हाच्या आत पळायचं म्हणून साडेतीनला उठू नका. रात्र लहान झाली असेल तर पळणं लहान करा. वर दारू असेल तर उन्हाळ्यात प्रकरण नुसतं पेसपुरतं राहत नाही. पाणी आधीच कमी, त्यात सकाळी साडेसातलाच 35 अंश. उष्माघाताची दोन माणसं मी अशीच आत घेतली आहेत.

नडगीबद्दलही सांगतो. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंच्या 2014 च्या एका पाहणीत आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका 1.7 पट आढळला होता. मोठ्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण रोख तोच आहे.

सोळाशे

भाऊ, मना बी तेच व्हयनं. मी अमळनेरचा, पोलीस भरतीची तयारी करतो. 1600 मीटर 5:38 वर अडकलोय चार महिन्यांपासून. एसआरपीएफचं (राज्य राखीव पोलीस दल) 5 किलोमीटरही करायचं आहे. रात्री अकरापर्यंत अभ्यासिका, मग रूमवर येऊन मोबाईल. एक वाजतोच. पाचला ग्राउंड. सर म्हणतात मेहनत कमी पडते, म्हणून मी अजून दोन राउंड वाढवले. मित्र ग्राउंडनंतर महिन्यातून एकदा-दोनदा बिअरला नेतात, तेवढंच. मला वाटायचं आपण तरुण आहोत, चार तास पुरतात. दुपारी अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं ठेवून झोप लागते ते वेगळं. डॉक्टर साहेब, काय करू? भरतीला किती दिवस आहेत माहीत नाही, त्यामुळे भीती वाटते की एक दिवस जरी सोडला तर मागे पडेन.

पांझराकाठ

दादा, वाढवलेले दोन राउंड आजच काढ. तुझी मेहनत कमी पडत नाहीये.

स्टॅनफर्ड विद्यापीठात 2011 मध्ये बास्केटबॉलच्या पोरांवर झालेलं काम आहे. तुझ्याच वयाची पोरं. पाच ते सात आठवडे त्यांना रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. सरावात काही बदल नाही. त्यांची स्प्रिंट 16.2 सेकंदांवरून 15.5 वर आली. आणि अभ्यासाबद्दल म्हणशील तर 1997 मधल्या एका प्रयोगात दिसलं होतं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं डोकं आणि हात इतके मंदावतात जितके रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना मंदावतात. आपल्या कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त. तू पाचला उठतोस, म्हणजे रात्री दहानंतर अभ्यासिकेत तू त्या अवस्थेत गणितं सोडवतोयस.

दहाला वाचन बंद, साडेदहाला आडवा. मोबाईल रूममधल्या दुसऱ्या टोकाला, चार्जिंगला. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग अंगातून जायलाच पाचेक तास लागतात. दुपारी 20-25 मिनिटं झोप, गजर लावून. एक दिवस सोडल्याने तू मागे पडणार नाहीस.

केळीबाग

रावेर तालुक्यातून. सगळं पटतंय पण शेतकऱ्याचं वेगळं आहे ते ऐका.

आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाग भिजवायची तर रात्रीच उठावं लागतं. मोटरला ऑटो बसवलाय, लाईट आली की आपोआप सुरू होते, पण ठिबकचे कॉक फिरवायला माणूस लागतोच. साडेबाराला एक लाइन बंद करून दुसरी सुरू, अडीचला तिसरी. हातात बॅटरी, पायात गमबूट, पानांवरून पाणी गळतंय आणि साप-विंचवाची भीती. या कामाला जाताना आमच्याकडे बरेच जण थोडी घेऊन जातात. थंडी वाजू नये म्हणून, भीती वाटू नये म्हणून, आणि परत आल्यावर लगेच झोप लागावी म्हणून. मीही घ्यायचो. हिवाळ्यात बांधावर भरीत पार्टी झाली, वांगी काडीकचऱ्यावर भाजली, कळण्याची भाकरी झाली, की सोबत तीही आलीच.

मी तीन वर्षांपासून पळतो, केळीच्या बागेतून कॅनॉलपर्यंत आणि परत, साडेआठ किलोमीटर. रात्रीच्या आठवड्यात काय करावं हे कुणी सांगितलं तर बरं होईल. झोप बंद करून पळायचं की पळणं बंद करून झोपायचं?

तापीकाठ

अण्णा, तुमची पोस्ट वाचून मी माझे शब्द मागे घेतो. दिवा साडेदहाला बंद कर, हा सल्ला ज्याच्या हातात दिवा आहे त्यालाच देता येतो.

माझ्या दुकानावर येणारे किती तरी जण या रात्रीच्या पाळीबद्दल बोलतात, पण तिचा शरीरावर काय परिणाम होतो याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या मते रात्रीच्या आठवड्यात पहाटेचं पळणं सोडा. भिजवून आल्यावर झोपा आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळी सावकाश चार-पाच किलोमीटर. जोराचं पळणं दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात. पंधरा दिवसांचं एक चक्र धरा, सात दिवसांचं नको.

पांझराकाठ

सहमत. दुपारच्या जेवणानंतर दीड तास झोप मिळाली तर उत्तम, साधारण एक पूर्ण चक्र होतं. आणि थंडीत दारूने ऊब येत नाही. कातडीकडचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते. ओल्या बागेत ते धोक्याचं. परत आल्यावर गरम दूध, पाय धुऊन कोरडे मोजे, आणि डोळ्यांवर पंचा बांधून झोपायचं.

नाव_नको

हा आयडी आजच काढला. जळगावातच राहतो. वय 36.

रोज एक क्वार्टर. आठ वर्षं. कामावर एक दिवस दांडी नाही, घरात भांडण नाही, म्हणून कुणाला फारसं कळत नाही. धागा वाचून काल ठरवलं की उद्यापासून बंद आणि सकाळी पळायचं. आज सकाळी उठलो तर हात थरथरत होते, घाम, छातीत धडधड. चहाचा कप बायकोसमोर दोन्ही हातांनी धरला. तिने पाहिलं, बोलली नाही. संध्याकाळी परत घ्यावीशी वाटतेय, फक्त थरथर थांबावी म्हणून. मी पळू शकतो का?

पांझराकाठ

मित्रा, आधी हे वाच. रोज क्वार्टर, म्हणजे 180 मिली, म्हणजे रोज 60 ग्रॅम, आठ वर्षं. अशा शरीराची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. थरथर ही त्याची पहिली खूण आहे. मनाचा कमकुवतपणा म्हणून ही थरथर येत नाही. रोजच्या दारूला जुळवून घेतलेल्या मेंदूची ती उलट प्रतिक्रिया आहे.

आजच दवाखान्यात जा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे यावर औषधं मिळतात आणि आठ-दहा दिवसांत हा टप्पा सुरक्षितपणे पार होतो. बायकोला सोबत ने. तिने पाहिलं आहेच. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलीमानसचा क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फिट आली, माणूस बरळायला लागला, तर वाट न पाहता 108.

पळणं आत्ता नको. डॉक्टर सांगतील तेव्हा चालण्यापासून सुरुवात.

जंक्शन

नाव_नको दादा, बायकोशी आज रात्री नाही, आत्ता बोला. आम्ही बायका कप बघतो तेव्हाच सगळं कळलेलं असतं. ती वाट बघत असेल.

लळिंगचा_नाना

मी वर जे लिहिलं ते काढून टाकत नाही, कारण तेव्हा तेच मत होतं. पण नाव_नको यांना माझ्या "सवय असते" या शब्दांनी धीर आला असेल तर ते चुकीचं झालं. जा दवाखान्यात.

माझ्यापुरतं एवढं ठरवलंय की डॉक्टरांकडे या गुरुवारी जातो आणि सकाळची नाडी लिहायला लागतो. आज 74 भरली. आधी कधी मोजलीच नव्हती.

सोळाशे

तीन आठवडे झाले म्हणून कळवतो. मोबाईल खिडकीत ठेवतो. पहिले पाच-सहा दिवस झोपच येत नव्हती, छताकडे बघत पडायचो. आता अकराच्या आत लागते. राउंड कमी केले. परवा 1600 टाइम घेतला, 5:27. सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. अभ्यासिकेत दुपारी झोप येत नाही. बिअरला नाही म्हटलं तर मित्र आधी रागावले, मग एक जण म्हणाला मलाही साडेदहाला उठव, म्हणजे झोपायला पाठव.

तापीकाठ

तीन आठवड्यांत माझ्याकडेही एक शनिवार असा आला की लिहायलाच हवं.

पाचोऱ्याला एका जुन्या मित्राकडे हळद होती. डीजे, मंडप, मागे बैठक. ज्या माणसाने मला धंद्यात उभं केलं, दोन हंगाम उधारीवर माल दिला, त्याने स्वतःच्या हाताने ग्लास भरून पुढे केला. माझ्या मनात होतं ते सगळं, डायरी, नाडी, सगळं घशापर्यंत आलं आणि बोलता आलं नाही. मी ग्लास घेतला. एक मोठा पेग दीड तास पुरवला. दुसरा भरायला आला तेव्हा म्हटलं, "अप्पा, वडिलांचं बीपी, सकाळी सहाला त्यांना गोळी द्यायची आहे, झोपेत राहिलो तर चालणार नाही." त्यांनी बाटली खाली ठेवली आणि वडिलांची चौकशी करत बसले. बाराला घरी. रविवारी नाडी 62. लाँग रन 18 चा 10 केला, सावकाश. सोमवारी 57.

मला यात हार वाटली नाही. अप्पांसमोर खरं बोललो असतो तर अजून बरं वाटलं असतं. पुढच्या वेळी बोलेन.

विचारणाऱ्यांसाठी: ढाब्यावर मी आता जेवण आधी मागवतो. पोट भरलेलं असलं की हात ग्लासकडे जात नाही, आणि बैठक आपोआप दहाला आटोपते. धंद्याचं काही अडलं नाही. उलट उधारीचे आकडे दुसऱ्या दिवशी मला एकट्यालाच नीट आठवतात.

नाव_नको, तुमचा काही निरोप नाही. वाचत असाल तर कळवा.

नाव_नको

वाचतोय. नऊ दिवस रुग्णालयात होतो. बायको सोबत होती. आज बारावा दिवस. हात थरथरत नाहीत. झोप मात्र अजून तुटक आहे, डॉक्टर म्हणाले अजून काही आठवडे असंच राहील. काल संध्याकाळी कॉलनीत दोन किलोमीटर चाललो, ती पण आली.

मेहरूणला रविवारी किती वाजता असता?

तापीकाठ

सव्वापाचला, गणेश घाटाजवळ. या रविवारी मी पळणार नाही. तलावाकाठी हळूहळू चालू, दमलात की बसू. वहिनींनाही आणा.

नाव_नको

येतो. आम्ही दोघं.